शिवणाच्या डब्यातलं काडतूस

पत्र थोडक्यात असं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली 22 वर्षांची मुलगी. घरी कापूस-तुरीची शेती. दीड वर्षापासून ती आठवड्यातून दोनदा नेमबाजीच्या रेंजवर जाते आणि क्लबच्या .22 पिस्तुलावर 25 मीटरचा सराव करते. तिला गाडीवर नेणारे-आणणारे तिचे सख्खे मामा. शस्त्र बाळगण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, गावात मान असलेले. घरच्यांचा विरोध मोडून तिला या खेळात आणलं तेही त्यांनीच. त्यांच्याकडे स्वतःच्या परवान्यावरचं .32 बोअरचं पिस्तूल आहे. मागच्या महिन्यात एका रविवारी सराव संपल्यावर मामाजींनी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढली, एक गोळी बाहेर पडली, मग मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं आणि पिस्तूल तिच्या हातात देत म्हणाले, "बॅगेत टाक." तिनं सवयीनं स्लाइड मागे घेतली, तर आणखी एक जिवंत गोळी टेबलावर पडली आणि घरंगळत तिच्या हातापाशी आली. "काऊन भेतं वं? तीस वर्सं झाली मले," म्हणत मामाजी हसले. तिनं गडबडीत ती गोळी खिशात घातली. ती अजून घरीच आहे, आईच्या शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली. ती विचारते: "मामाजींना मी कोणत्या तोंडानं सांगू? सांगितलं तर ते दुखावतील, मला नेणं बंद करतील, आणि बाबांना तर निमित्तच हवं आहे. नाही सांगितलं तर त्यांच्या शेजारी उभं राहायची भीती वाटते. त्यापेक्षा सरावच सोडून देऊ का? आणि खरं सांगायचं तर घाईत माझ्याही हाताला आधी काय, मग काय हे सुचत नाही."

सगळ्यात आधी तो डबा. भावाची मुलं त्यातली बटणं घेऊन खेळतात, असं तूच लिहिलं आहेस. तेव्हा हे वाचून झालं की उठ आणि ते काडतूस काढून कुलपाच्या कपाटात ठेव. परवान्याशिवाय जिवंत काडतूस जवळ बाळगणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. खिशात ते चुकून गेलं हे मला कळतं, पण आता एक दिवसही ते घरात राहायला नको. ते परत कसं करायचं ते पुढे सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या परत करण्यातच आहे.

आता त्या टेबलावर नेमकं काय घडलं ते बघू. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळी दोन ठिकाणी असू शकते: मुठीतल्या मॅगझिनमध्ये, आणि नळीच्या मागच्या टोकाला चेंबरमध्ये. स्लाइड मागे ओढली की एक्स्ट्रॅक्टरचं नख चेंबरमधलं काडतूस धरून मागे आणतं आणि इजेक्टरवर आपटून ते बाहेर उडतं. पण तीच स्लाइड स्प्रिंगच्या जोरानं पुढे जाते तेव्हा मॅगझिनच्या तोंडाशी असलेलं पुढचं काडतूस ढकलत नेऊन चेंबरमध्ये बसवते. हे यंत्र बनवलंच त्यासाठी आहे. मामाजींनी मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली. एक गोळी बाहेर आली, त्याच झटक्यात दुसरी आत गेली, आणि मग त्यांनी मॅगझिन काढलं. बाहेर पडलेली गोळी समोर दिसत होती, मॅगझिन हातात होतं, दोन्ही खुणा 'झालं खाली', म्हणजे रिकामं, असंच सांगत होत्या. चेंबर मात्र भरलेलं होतं. आधी मॅगझिन आणि मग स्लाइड, एवढा एकच क्रम उलटा झाला.

ही चूक अडाणी माणूस करतो असं समजू नकोस. उलट ती सरावलेल्या हाताची चूक आहे. मामाजींचा हात कोणत्या शस्त्रावर बसला ते तू लिहिलेलं नाहीस, पण त्यांच्या पिढीतल्या अनेकांची नोकरी रिव्हॉल्व्हरवर गेली. रिव्हॉल्व्हरचं चक्र बाहेर काढलं की सगळी घरं एका नजरेत समोर येतात, तिथे काही लपत नाही. पिस्तुलाचं चेंबर स्लाइडच्या पोटात असतं. ते आपण होऊन दिसत नाही, उघडून पाहावं लागतं. आणि काही पिस्तुलं मॅगझिन काढल्यावर गोळी झाडतच नाहीत, तशी सोय त्यांत असते. त्यावर हात बसलेला माणूस दुसरं पिस्तूल घेतो तेव्हा फसतो. म्हणून त्या सोयीवर भरवसा ठेवून कोणीही वागू नये.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "मोठ्या माणसानं खाली आहे म्हटल्यावर पुन्हा बघणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं." इथे मी तुला थोडं थांबवते. विहिरीवरच्या मोटरच्या वायरीला हात लावण्याआधी तुझे बाबा काय करतात ते आठव. लाईन गेलेली असते. गेली आहे हे त्यांना माहीत असतं, घरातला पंखा बंद असतो. तरी ते पेटीतल्या किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढतात, खिशात घालतात, आणि मगच वायरीला हात लावतात. शेजारच्या वावरातल्या कोणी ओरडून विचारलं, "किटकॅट काढल्या का भाऊ?" तर बाबांना त्यात अपमान वाटत नाही. ते खिशावर हात मारून दाखवतात. 'लाईन गेली आहे' आणि 'किटकॅट खिशात आहेत' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्या भागात लहान पोरालाही कळतं. पिस्तुलाचंही तेच आहे. 'खाली आहे' हे बोलणं झालं. उघडलेलं चेंबर दोघांनी पाहणं म्हणजे किटकॅट खिशात.

आणि 'तीस वर्सं झाली' याबद्दल. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तुझ्या आठवणीत असेल. पंप पाठीवर घेण्याचा अनुभव नसलेली ती माणसं नव्हती. अनुभवानं हात सफाईदार होतो. धोका त्यामुळे कमी होत नाही, फक्त त्याची भीती मोडते.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून सांगत नाही. रेंजवर उभं राहून हुकूम देण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. एकदा एका ज्येष्ठ नेमबाजानं "खाली" म्हटलं, आणि मी त्यांच्या पिस्तुलाकडे न पाहता मान हलवून पुढच्या माणसाकडे गेले. त्यांना 'दाखवा' म्हणायला मला संकोच वाटला. मी दोन पावलं गेले असेन नसेन, मागे बार झाला. स्लाइड सोडून ट्रिगर दाबून बघायची त्यांची सवय होती. गोळी टेबलापासून चार-पाच पावलांवर मातीत घुसली, धुळीचा एक भपकारा वर आला आणि सगळ्या रेंजवर कोणीच काही बोलेना. टार्गेट आणायला अजून कोणी पुढे गेलेलं नव्हतं आणि नळी समोर होती, म्हणून माणूस वाचला. ती धूळ मला अजून दिसते. त्या दिवशी मी त्यांचा मान राखला नव्हता, माझा संकोच राखला होता.

आता तुझ्या हाताचं. आधी काय, मग काय हे सुचत नाही म्हणतेस, तर एकदा सावकाश सगळं बघू. नळी टार्गेटमागच्या बटकडे, म्हणजे गोळ्या अडवणाऱ्या बांधाकडे, आणि शेवटपर्यंत तिकडेच. ट्रिगरचं बोट गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, बाहेर, फ्रेमला लागून सरळ. या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकी काही चुकलं तरी गोळी मातीत जाते, माणसात नाही. मग मॅगझिन काढायचं आणि टेबलावर बाजूला ठेवायचं, दुसऱ्या हातात धरून राहायचं नाही, कारण पुढच्या कामाला दोन्ही हात लागतात. काही पिस्तुलांत सेफ्टी लावली की स्लाइड हलतच नाही. तिथे खाली करताना सेफ्टी काढावीच लागते, म्हणून बोट बाहेर ठेवण्यावर माझा एवढा जोर. मग स्लाइड पूर्ण मागे, जोरात. चेंबरमधली गोळी उडून पडेल, पडू दे. ती झेलायला इजेक्शन पोर्टवर, म्हणजे गोळी बाहेर पडते त्या खिडकीवर, तळहात धरणारे मी पाहिलेत, बघायला फार सफाईदार वाटतं. पण काडतूस आतच अडखळून त्याच्या टोपीला ठोकर बसली तर ते तिथेच फुटतं, आणि पितळेचे तुकडे सरळ तळहातात जातात. गोळी मातीत पडली तर पुसून घेता येते. पुन्हा दोनदा स्लाइड ओढ. दुसऱ्यांदाही गोळी पडली, तर समजायचं की मॅगझिन आतच राहिलंय.

यानंतर स्लाइड मागे अडकवून ठेवायची. ज्या जुन्या पिस्तुलांत ती अडकत नाही, तिथे हातानं मागे धरायची. आणि मग बघायचं. नुसतं त्या दिशेनं तोंड करायचं नाही, बघायचं: चेंबरची पोकळी दिसते का, मॅगझिनच्या जागेतून खालचा उजेड दिसतो का. नजर एकदा दुसरीकडे नेऊन पुन्हा बघायचं. पहिल्यांदा डोळ्यांना जे दिसायला हवं असतं तेच दिसतं. शेडमध्ये अंधारून आलं असेल आणि स्लाइड पक्की अडकलेली असेल, तर करंगळीचं टोक चेंबरच्या कडेला लाव. .22 मध्ये बोट आत जाणार नाही, पण तिथे पोकळी आहे की काडतुसाची सपाट बूड, हे बोटाला लगेच कळतं. मग नारिंगी सेफ्टी फ्लॅग चेंबरमध्ये, पिस्तूल टेबलावर, नळी समोर, आणि तू एक पाऊल मागे. लोक टार्गेटकडे गेलेले असताना टेबलावरच्या पिस्तुलाला हात नाही, पुसायलासुद्धा नाही.

एक बारीक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या घरात जातो, पत्र्याच्या शेडखाली तळहात घामानं निसरडे होतात आणि स्लाइड ओढताना बोटं सटकतात. मग माणूस जोर लावायला पिस्तूल पोटाशी घेतो आणि आडवं करतो. उजव्या हाताचा नेमबाज असेल तर नळी बरोबर डावीकडच्या माणसाच्या कमरेवर येते, आणि त्याला ते कळतही नाही. त्यापेक्षा पिस्तूल समोरच राहू दे आणि स्वतः वळ. डाव्या हातानं स्लाइड घट्ट धर आणि उजव्या हातानं मूठ पुढे ढकल. ओढण्यापेक्षा ढकलणं सोपं जातं. खांद्यावर एक कोरडा सुती दुपट्टा असू दे, त्याला दर फैरीनंतर हात पूस.

हे सगळं हातात बसवायचं कसं? तुझ्या 25 मीटर पिस्तुलाच्या सामन्यात 60 गोळ्या असतात, पाच-पाचच्या 12 फैरी. म्हणजे एका सामन्यात किमान बारा वेळा तुला पिस्तूल खाली करायचं आहे. नेमाचा सराव जसा करतेस तसा याचाही कर. कोचकडून डमी राउंड, म्हणजे दारू नसलेली खोटी काडतुसं, मागून घे आणि त्यांच्यासमोर दर सरावाला दहा वेळा भर आणि खाली कर, तोंडानं मोठ्यानं म्हणत: "नळी, बोट, मॅगझिन, स्लाइड, बघितलं, परत बघितलं." महिनाभरानं तोंड बंद झालं तरी हात त्याच क्रमानं जाईल. घरी, एकटीनं हा सराव करू नकोस.

ट्रिगर दाबला आणि बार झाला नाही, तर पिस्तूल तसंच समोर धरून किमान 30 सेकंद थांब आणि दुसरा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलाव. .22 च्या काडतुसात दारूला पेटवणारं मिश्रण बुडाच्या कडेत असतं, ते कुठे कमी भरलं गेलं असेल तर फुसका निघतो. हे अधूनमधून होतच. पण बार फारच बारीक, 'फुस्स' असा झाला, तर पुढची गोळी अजिबात नको. आधीची नळीतच अडकलेली असू शकते. आणि जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणानं हात धू. शिशाची भुकटी हाताला असते आणि ती पोळीबरोबर पोटात जाते.

आता मामाजी. तू दोनच वाटा लिहिल्या आहेस, सांगायचं किंवा सोडायचं. सोडण्याची वाट मला मान्य नाही. तू गेलीस तरी त्यांच्या शेजारी दुसरं कोणीतरी उभं राहील, आणि त्याला स्लाइड मागे घेऊन बघायची सवय नसेल. त्या रविवारी ती गोळी तुझ्या सवयीनं टेबलावर पडली. ती सवय रेंजवर राहायला हवी.

परस्पर रेंज ऑफिसरला सांगणं ही तिसरी वाट. तिच्याबद्दल तुझ्या मनात 'चुगली' असा शब्द आलाय. आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमांत लिहिलं आहे की अपघात होऊ शकेल अशी कोणतीही गोष्ट दिसली तर नेमबाजानं ती ताबडतोब अधिकाऱ्यांना कळवायलाच हवी. तेव्हा पुन्हा तसं घडलं तर ही वाट तुला खुली आहे, किंबहुना तेव्हा तीच धरायची. पण पहिल्यांदाच तिथे जाऊ नकोस. ज्या माणसानं घरच्यांशी भांडून तुला रेंजवर नेलं, त्याला आधी तुझ्या तोंडून कळायला हवं.

एक गोष्ट मात्र या सगळ्या मानापानाच्या बाहेर ठेव. रेंजवर नळी माणसाकडे वळलेली दिसली तर त्या क्षणी गोड शब्द शोधायचे नाहीत. "थांबा!" म्हणायचं, मोठ्यानं, मामाजी असोत की आणखी कोणी. एवढा एक शब्द आजच त्यांच्याशी ठरवून ठेव: "मामाजी, मी थांबा म्हटलं की तुम्ही थांबायचं, तुम्ही म्हटलं की मी थांबायचं." दोघांना सारखा नियम असला की कोणी कोणाला टोकलं असं होत नाही. आणि त्यांचं पिस्तूल यापुढे त्यांनीच बॅगेत ठेवावं. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठीही दोन वाक्यं. आपल्याकडे खंडेनवमीला घरातली शस्त्रं पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात. पोरं भोवती बसलेली असतात, पाहुणा सहज उचलून नेम धरतो. पाटावर ठेवण्याआधी घरातल्या परवानाधारकानं शस्त्र बाहेर नेऊन, उघडून, दुसऱ्या एका मोठ्या माणसाला दाखवावं, आणि काडतुसं त्या खोलीत आणूच नयेत. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्यांना 2019 च्या दुरुस्तीनंतर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. साधी .22 चीही दीड किलोमीटर जाऊ शकते. गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाच्या पलीकडे.

आणि आता ते काडतूस. ते घेऊन तू बसनं किंवा गाडीवर कुठे जाऊ नकोस. मामाजींना घरी बोलाव, बाबा वावरात असतील अशा वेळी. चहा झाल्यावर कपाटातून ते काढ आणि त्यांच्या हातावर ठेव. काही समजावू नकोस. एवढंच म्हण, "मामाजी, हे त्या रविवारचं. मी घाबरून खिशात घातलं, माझं चुकलं. हे आतमध्ये कसं राहिलं, मला एकदा दाखवता का? पुढच्या रविवारी रेंजवर, कोचसमोर?" तुझी चूक तू आधी कबूल केलीस की त्यांना त्यांची पाहायला जागा मिळते. 'खाली कर' हा हुकूम त्यांनी परेडवर किती वेळा ऐकला असेल, किती पोरांना शिकवला असेल. हाताला विसर पडला असेल, पण माणसाला पडत नाही.

कदाचित ते हसण्यावारी नेतील. कदाचित गप्प बसतील आणि चहाचा कप नुसता फिरवत राहतील. तू घाई करू नकोस, ते काडतूस त्यांच्या तळहातावर थोडा वेळ राहू दे.